पाते, पाणी आणि प्रवासी : लोहविद्येच्या शब्दसाक्षीचा विचार

जपानातील सेकी, साकाई इत्यादी जुन्या लोहारगावांतून अलीकडच्या काळात एक नवीन प्रथा रूढ झाली आहे. दूरदेशीचा प्रवासी काही तासांसाठी किंवा एकदोन दिवसांसाठी लोहाराच्या भट्टीपाशी येतो, तापलेल्या लोखंडावर स्वतःच्या हाताने घण घालतो, आणि जाताना आपल्या हातचे एक लहानसे पाते बरोबर नेतो. वरवर पाहता ही प्रवासी-व्यवसायाची एक शाखा आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकापुढे तिने एक जुनाच प्रश्न नव्याने उभा केला आहे. हाताची विद्या परक्याच्या हाती कितपत देता येते, आणि ती देताना तिची भाषा तिच्याबरोबर जाते की मागे राहते? या प्रश्नाचा विचार जपानच्या उदाहरणापुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. दख्खनच्या पोलादाकडेही परदेशी माणसे येत होती. मुंबई बंदराने त्या पोलादाचे एक नाव जगाला दिले. आणि मुंबईच्या उत्तर टोकावरील शीव कोळीवाड्यासारख्या वस्तीत पात्याच्या शब्दांचे अनेक थर आजही एकमेकांशेजारी नांदताना दिसतात. प्रस्तुत लेखात या तिन्ही स्थळांची साक्ष मुख्यतः शब्दांच्या द्वारे तपासावयाची आहे.

प्रथम जपानचा इतिहास थोडक्यात पाहणे अवश्य आहे. १८७६ मध्ये मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी केली. सामुराई वर्गाची मागणी एकाएकी नाहीशी झाल्यामुळे बहुसंख्य तलवारकारांना घरगुती सुऱ्या, कात्र्या, शेतीची अवजारे यांकडे वळावे लागले. सेकी हे गाव तलवारींसाठी प्रसिद्ध होते, ते पुढे चाकू-सुऱ्यांचे गाव म्हणून नावारूपास आले. साकाईची गोष्ट याहून जुनी आहे. पोर्तुगिजांबरोबर जपानात तंबाखू आली, तिची पाने बारीक चिरण्यासाठी खास सुऱ्या लागू लागल्या, आणि साकाईच्या त्या सुऱ्यांना तोकुगावा शासनाची अधिकृत मुद्रा मिळाली. म्हणजे तलवारीची विद्या स्वयंपाकघरात उतरण्याचा मार्ग बंदीच्या हुकुमापूर्वीच खुला झालेला होता. तथापि मूळ तलवारविद्याही अगदीच निराधार राहिली नाही. १९०६ मध्ये गास्सान सादाकाझु व मियामोतो कानेनोरी या दोन तलवारकारांची राजगृहाचे कलावंत म्हणून नेमणूक झाली. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर तलवारी घडविण्यावर पुन्हा बंदी आली. परंतु १९४८ मध्ये जपानी तलवारींच्या जतनासाठी एक संस्था स्थापन झाली आणि १९५३ पासून परवाना घेऊन तलवार घडविण्याची मुभा मिळाली. याच संस्थेने १९७७ मध्ये शिमाने प्रांतातील योकोता येथे 'तातारा' ही पारंपरिक भट्टी पुन्हा पेटविली. या भट्टीत लोखंडी वाळू व लोणारी कोळसा यांचे थर तीन दिवस व तीन रात्री आळीपाळीने टाकले जातात. सुमारे दहा टन वाळू आणि बारा टन कोळसा खर्ची पडतो, तेव्हा सुमारे अडीच टनांचा गोळा हाती येतो. त्यातलेही निवडक तुकडेच तलवारीच्या योग्यतेचे 'तामाहागाने' ठरतात.

आता या परंपरेत प्रवाशाचे स्थान कोणते, ते पाहू जाता त्याच्या मर्यादा तत्काळ लक्षात येतात. परवानाधारक तलवारकार होण्यासाठी गुरूच्या भट्टीवर किमान पाच वर्षांची उमेदवारी करावी लागते, शासनाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि त्यानंतरही महिन्याकाठी दोन लांब किंवा तीन आखूड तलवारींपेक्षा अधिक घडविता येत नाहीत. पाहुण्याने तलवार घडविण्याचा प्रश्नच त्यामुळे उद्भवत नाही. १९५८ च्या शस्त्रविषयक कायद्याने पंधरा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पात्याच्या तलवारी-कट्यारींवर कडक निर्बंध घातलेले आहेत. प्रवाशाच्या वाट्याला येते ती आखूड सुरी, पुष्कळदा एखाद्या मोठ्या खिळ्यापासून ठोकून काढलेली. तापविणे आणि ठोकणे ही कामे त्याला करू दिली जातात. परंतु पात्याचे भवितव्य ज्या क्षणी ठरते, तो तापलेले पाते पाण्यात बुडविण्याचा क्षण बहुधा उस्ताद आपल्याच हाती ठेवतो. निदान त्याची नजर तेथून हलत नाही. भट्टीतील लोखंडाचा रंग पाहून उष्णता ओळखणे ही एका दिवसात देता येण्याजोगी गोष्ट नव्हे. ती सांगावयाची म्हटली तरी तिला पुरेसे शब्द नाहीत, आणि जे आहेत ते ज्याने तो रंग शेकडो वेळा पाहिला आहे त्यालाच कळतात.

येथे एका शब्दाचा विचार उद्बोधक ठरेल. या निर्णायक क्रियेला जपानी भाषेत 'याकिइरे' म्हणतात. 'याकि' म्हणजे भाजणे किंवा जाळणे, आणि 'इरे' म्हणजे आत घालणे. क्रिया पाण्यातली, पण नाव अग्नीचे. मराठीत त्याच क्रियेला 'पाणी देणे' किंवा 'पाणी पाजणे' असे म्हणतात. एकच घटना एका भाषेने अग्नीच्या बाजूने पाहिली, तर दुसरीने पाण्याच्या. मराठीतील या प्रयोगाचे मूळ शोधू लागल्यास दोन वाटा दिसतात. फारसीत 'आब' या शब्दाचे पाणी, तेज आणि शस्त्राची तीक्ष्णता असे अर्थ एकत्र आढळतात, आणि 'आबदार' हे तलवारीचे विशेषण आहे. मराठी 'पाणीदार' हा शब्द अंत्य प्रत्ययासह त्याचाच अनुवाद असावा, हे उघड आहे. परंतु 'पाणी पाजणे' या प्रयोगातील प्रयोजक क्रियापद फारसीच्या आधारे उलगडत नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गलक्षणाचा विचार करणारा अध्याय आहे. त्यात शस्त्राला निरनिराळे द्रव पाजण्याच्या विधीस 'पान' अशीच संज्ञा दिलेली असून रक्त, तूप, दूध, ताकात कालविलेली केळीची राख असे त्याचे प्रकार वर्णिलेले आहेत. शस्त्र तहानलेले असते आणि कारागीर ते पाजतो, ही कल्पना म्हणजे फारसी संपर्काच्या पूर्वीची. तेव्हा 'पाणीदार' हा दरबाराचा शब्द आणि 'पाणी पाजणे' हा भट्टीचा शब्द, असा भेद करणे युक्त होईल. विळ्याला पाणी पाजून आणणारा शेतकरी आणि पाणीदार तलवारीचे वर्णन करणारा बखरकार हे एकाच वस्तूविषयी बोलत असले, तरी त्यांच्या शब्दांची कुळे वेगळी आहेत.

परदेशी माणसाने भट्टीपाशी येऊन बसणे ही जपानची आधुनिक कल्पना मानली जाते. पण दख्खनला ती नवी नव्हती. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने गोवळकोंड्याच्या पोलादाचा संबंध दिमिष्की पात्यांशी जोडला होता. पुढे हेन्री व्हॉयसी या सर्वेक्षण खात्यातील शल्यवैद्य व भूगर्भशास्त्रज्ञाने कोनासमुद्रम् या गावी चालणाऱ्या पोलादनिर्मितीचे वर्णन लिहून ठेवले. ते १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे गाव आजच्या तेलंगणातील निजामाबाद जिल्ह्यात, मराठी मुलुखाच्या सीमेपासून फार दूर नाही. तेथे दोन ठिकाणच्या लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालून, मूस बंद करून, भात्याच्या वाऱ्यावर दीर्घकाळ तापवीत. दक्षिणेतील इतर केंद्रांत मुशीत तरवडाचे लाकूड व रुईची पाने घालण्याची रीत होती. त्यांतील कर्ब लोखंडात मिसळून त्याचे पोलाद होई. व्हॉयसीच्या वर्णनातील सर्वांत लक्षणीय भाग असा की, हा माल विकत घेण्यासाठी इस्फाहानसारख्या दूरच्या इराणी शहरांतून व्यापारी स्वतः या खेड्यात येत. मायदेशी तसे पोलाद तयार करण्याचा त्यांचा प्रयत्न यशस्वी झालेला नव्हता. म्हणजे परका माणूस भट्टी पाहत होता, मालाची पारख करीत होता, क्रिया समजूनही घेत होता. तथापि ती विद्या त्याच्याबरोबर गेली नाही, माल गेला. आजच्या जपानमधील प्रवाशाची स्थिती या इराणी व्यापाऱ्याहून तत्त्वतः फारशी वेगळी नाही. भेद एवढाच की, व्यापाऱ्याला पोलाद हवे होते, प्रवाशाला अनुभव हवा असतो.

मालाबरोबर शब्दाचा प्रवास कसा झाला याचे उदाहरण मुंबईने पुरविले. १७९४ मध्ये मुंबईतील कंपनी सरकारचे डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठविले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन याने त्यांवर केलेल्या प्रयोगांचा निबंध सोसायटीपुढे ठेवला. त्याच्या शीर्षकातच हे पोलाद मुंबईत तयार होते आणि तेथे त्याला 'वूट्झ' म्हणतात, असे नमूद केलेले आहे. यानंतर हा शब्द इंग्रजीत स्थिर झाला. १८१९ ते १८२२ या काळात मायकेल फॅरडे व स्टोडार्ट यांनी याच पोलादाच्या निमित्ताने मिश्रधातूंचे प्रयोग केले, आणि पोलादाच्या आधुनिक शास्त्राच्या इतिहासात या शब्दाला कायमचे स्थान प्राप्त झाले.

भाषेच्या दृष्टीने मात्र पिअर्सनच्या शीर्षकातील दोन्ही विधाने तपासून घेण्याजोगी आहेत. मुंबईच्या मराठीत 'वूट्झ' असा किंवा याच्या जवळपासचा पोलादवाचक शब्द आढळत नाही. मोल्सवर्थच्या कोशात या अर्थाचे दोन शब्द मिळतात. एक 'तिखे', आणि दुसरा 'पोलाद'. 'तिखे' हा संस्कृत 'तीक्ष्ण' पासून सरळ आलेला आहे. रसशास्त्राच्या ग्रंथांत लोहाचे मुंड, तीक्ष्ण व कांत असे तीन प्रकार सांगितलेले आहेत, त्यांतलाच हा दुसरा. 'पोलाद' फारसी आहे. तोच शब्द अरबीत 'फूलाझ', रशियनमध्ये 'बुलात' आणि मंगोलियनमध्ये 'बोलद' या रूपांनी आढळतो. 'वूट्झ'चा संबंध यांपैकी कशाशीच लागत नाही. तो कानडी-तेलुगूतील 'उक्कु' या शब्दाशी लागतो, आणि 'वूक' असे लिहिलेले रूप वाचताना वा छापताना चुकून 'वूट्झ' झाले असावे, हे मत सर्वसाधारणपणे मान्य झालेले आहे. तमिळमधील 'उरुक्कु' हे रूप वितळण्याच्या धातूशी निगडित असून मुशीत वितळविलेल्या पोलादाला ते अन्वर्थक आहे. यावरून निघणारा निष्कर्ष असा : पोलाद मुंबईहून गेले, पण ते दक्षिणेतून आलेले होते, आणि त्याचे नावही त्याच्याबरोबर दक्षिणेतूनच आले. बंदराने गावाची जागा घेतली, निर्यात हीच निर्मिती समजली गेली, आणि एका अक्षराच्या चुकीतून मूळ भाषाही झाकली गेली. ज्यांनी ते पोलाद घडविले त्यांच्या मुखातील एकच शब्द जगापुढे गेला, आणि तोही विकृत होऊन.

मराठ्यांच्या शस्त्रांचा विचार केल्यास शब्दांचा हा व्यवहार उलट दिशेनेही चालला होता असे दिसते. सरळ, लांब, युरोपीय पात्याच्या तलवारीस मराठीत 'फिरंग' म्हणत. पाते परदेशी, मूठ देशी, आणि नाव पाते आणणाऱ्या लोकांचे. दांडपट्ट्यालाही अशी परदेशी पाती बसविलेली आढळतात. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रचल्या गेलेल्या राजव्यवहारकोशात दहा वर्ग असून त्यांतील एक शस्त्रवर्ग आहे; शस्त्रांच्या फारसी नावांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा उद्देश. हा उपक्रम राजकीय दृष्ट्या अत्यंत महत्त्वाचा होता. परंतु शब्द बदलणारी लेखणी कचेरीत होती आणि शब्द वापरणारा हात भट्टीवर होता. 'म्यान' व 'पोलाद' हे फारसी शब्द मराठीत टिकले, 'कट्यार' व 'तलवार' हे मूळचे देशी शब्दही टिकले. कारागिराने शब्दाचे कूळ विचारले नाही. काम करणारा शब्द त्याने ठेवला. घासूनपुसून धार लावणाऱ्या व्यावसायिकाचे 'शिकलगार' हे नावही असेच अरबी-फारसीतून आले, जातिनाम झाले, आणि आज महाराष्ट्रात आडनाव म्हणून उरले आहे. जपानात तलवार घडविणारा आणि तिला झिलई देणारा हे दोन स्वतंत्र व्यवसाय आजही जिवंत आहेत. महाराष्ट्रात त्यांपैकी दुसऱ्याचे नाव उरले आणि पहिल्याचे कुदळी-विळ्यांत विलीन झाले.

हे असे का घडले, याचा विचार करताना दोन सालांची जवळीक नजरेत भरते. जपानचा तलवारबंदीचा हुकूम १८७६ चा. हिंदुस्थानातील इंग्रजी राज्याचा शस्त्रास्त्रविषयक कायदा १८७८ चा. परंतु हेतू भिन्न होते. जपानात स्वदेशी शासनाने एका वर्गाचा विशेषाधिकार काढून घेतला, आणि सुमारे तीस वर्षांनी त्याच विद्येला राजगृहाचा सन्मान दिला. हिंदुस्थानात परकीय शासनाने प्रजेलाच निःशस्त्र केले. त्या शासनाला येथील तलवारविद्येच्या जतनाचे प्रयोजन नव्हते. त्यापूर्वीच १८१८ मध्ये पेशवाईच्या अस्ताबरोबर मोठा आश्रयदाता नाहीसा झाला होता, आणि विलायती पोलाद स्वस्तात मिळू लागल्यावर मुशीतील पोलादाच्या भट्ट्याही थंडावत गेल्या. केवळ कायद्याने ही विद्या बुडविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आश्रय, कच्चा माल आणि मागणी ही तिन्ही एका शतकाच्या आत ढासळली, हे अधिक यथार्थ आहे. उरला तो बलुतेदार लोहार, आणि गावोगाव फिरणारा घिसाडी. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या 'गाव-गाडा' या ग्रंथात दिसणारी बलुत्याची चौकट हीच त्याची बाजारपेठ होती.

शीव कोळीवाड्याचा संबंध येथे येतो. 'शीव' म्हणजे सीमा. मुंबई बेटाची उत्तर हद्द. १६६९ ते १६७७ या काळात जेराल्ड ऑन्जियर गव्हर्नर असताना येथील टेकडीवर किल्ला बांधला गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डंकनने बांधविलेल्या बांधरस्त्याने शीव कुर्ल्याला जोडली गेली. हद्दीवरील या वस्तीचे मूळ रहिवासी कोळी. कोळ्यांच्या घरात आणि बाजारात तलवारीला स्थान नव्हते. पाते मात्र सदैव होते. मोठा मासा ओंडक्यावर ठेवून तोडण्याचा कोयता, आणि पाटावर उभे बसवून पायाने दाबून धरायची विळी किंवा 'मोरळी', ही ती पाती. यांपैकी दुसऱ्या प्रकारात पाते स्थिर असते आणि मासा पात्याकडे नेला जातो. जपानी सुरीची रीत याच्या बरोबर उलट, तेथे मासा स्थिर आणि पाते फिरते. 'कोयता' या शब्दाचा संबंध कापणे या अर्थाच्या 'कोय्' या द्राविडी धातूशी जोडला जातो. 'सुरी' संस्कृत 'छुरिके'पासून, 'चाकू' फारसीतून, 'पाते' हे 'पत्र' म्हणजे पानावरून. एका कोळणीच्या पाटीशेजारी द्राविडी, संस्कृत व फारसी असे तीन थर पडलेले असतात, आणि व्यवहारात त्यांची कोठेही गल्लत होत नाही. प्रत्येक शब्दाला त्याचे पाते आणि प्रत्येक पात्याला त्याचे काम आहे.

१९४७ च्या फाळणीनंतर या परिसरातील लष्करी बराकींत पंजाबकडून आलेले निर्वासित वसविण्यात आले, आणि या शब्दसंचात आणखी एक भर पडली. शिखांचे कृपाण हा शब्द शुद्ध संस्कृत, पण मराठीत तोवर केवळ काव्यातला. या वस्तीत तो रोजच्या जीवनातील वस्तूचे नाव बनला. पुढे येथील 'कोळीवाडा' या रेल्वेस्थानकाचे नाव बदलून 'गुरु तेग बहादूर नगर' असे झाले. 'तेग' हा तलवारवाचक फारसी शब्द आहे. ज्या जागेचे नाव जाळे टाकणाऱ्यांवरून पडले होते, तिच्या नावात अशा रीतीने पात्याचा शब्द आला. हा योगायोग आहे, त्याला ऐतिहासिक कार्यकारणभाव समजण्याचे कारण नाही. परंतु शस्त्रवाचक शब्द लोहविद्येपासून सुटून वस्तीच्या नावात कसा जाऊन बसतो, याचे ते बोलके उदाहरण होय.

कायद्याची भाषाही येथे विचारात घेण्याजोगी आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम व त्याखालील नियम यांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यावर निर्बंध घातले. मात्र घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक उपयोगाची पाती त्यांतून वगळली. म्हणजे कोयता शस्त्र आहे की अवजार, हे त्याच्या आकारावरून ठरत नाही, उपयोगावरून ठरते. लोहाराच्या परिभाषेचे तत्त्वही हेच आहे. फाळाला 'शेवटणे' वेगळे, विळ्याला 'पाणी पाजणे' वेगळे, सुरीला 'धार लावणे' वेगळे. आज कोयत्यासाठी मुशीतील पोलाद मिळत नाही. ट्रकचे जुने कमानपाटे कापून तो घडविला जातो. पाटा कारखान्यातला, भट्टी जुनी, आणि 'पाणी पाजणे' हा शब्द बृहत्संहितेच्या काळापासून चालत आलेल्या कल्पनेचा. धातू बदलला, विद्या पुष्कळ अंशी लोपली, परंतु क्रियापद अद्याप कामावर आहे.

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, हाताची विद्या दर्शनाने किंवा एका दिवसाच्या सहभागाने हस्तांतरित होत नाही. इराणी व्यापाऱ्याच्या आणि आजच्या प्रवाशाच्या उदाहरणांत याचा पडताळा येतो. दुसरी, असे असूनही प्रवाशाचे येणे निष्फळ नसते. भट्टी पेटती ठेवण्यास लागणारा खर्च आणि मान या दोहोंत त्याचा वाटा असतो, आणि भट्टी पेटती राहिली तरच उमेदवाराला पाच वर्षे बसावयास जागा उरते. तिसरी गोष्ट महाराष्ट्रातील अभ्यासकांना अधिक निकटची आहे. येथील शस्त्रविषयक शब्दसंग्रह बखरी, कोश आणि दरबारी कागद यांतून पुष्कळ झाला. म्हणून तलवार, फिरंग, धोप यांविषयी पुष्कळ माहिती हाताशी आहे. परंतु तलवार घडविणारा हात जेथे जाऊन पोहोचला, त्या कोयत्या-विळ्यांच्या भट्टीची, घिसाड्याच्या बोलीची आणि कोळीवाड्यातील पात्यांच्या नावांची नोंद त्या मानाने तुटपुंजी आहे. संग्रह झाला तो ज्या वस्तू वस्तुसंग्रहालयात गेल्या त्यांच्या शब्दांचा. ज्या वस्तू रोज वापरात आहेत त्यांचे शब्द वापरणाऱ्यांच्या तोंडीच राहिले.

मुंबईहून पाठविलेल्या पोलादाचे नाव एका अक्षराच्या चुकीने पालटले, कारण नमुना पाठविणाऱ्याने व तपासणाऱ्याने तो घडविणाऱ्याला त्याचे नाव विचारले नव्हते. त्या काळी ते अंतर समुद्राचे होते. शीव कोळीवाड्यातील पात्यांची नावे आणि त्यांना पाणी पाजणाऱ्या लोहाराची परिभाषा नोंदविण्यासाठी मुंबईतील विद्यार्थ्याला लोकलचे एक तिकीट पुरते.